तांडेलांच्या वहीतला रिकामा रकाना

१२ जानेवारी १८८८. अमेरिकेचा मधला मैदानी मुलूख. सकाळी हवेत ऊब होती म्हणून मुले कोट न घालता शाळेत गेली, आणि त्याच दिवशी हिमवादळ आले. जबाबदार : थंडीच्या लाटेचा इशारा शाळांपर्यंत वेळेत पोहोचवू न शकलेली सरकारी यंत्रणा.

८ सप्टेंबर १९००. गॅल्व्हेस्टन, टेक्सस. समुद्र शहरात शिरला. जबाबदार : वादळे ओळखण्यात मुरलेल्या क्यूबातील जाणकारांच्या तारा बंद करविणारे वॉशिंग्टनमधील अधिकारी.

१८ मार्च १९२५. मिसूरी, इलिनॉय, इंडियाना. एकच वावटळ तीन राज्यांची जमीन खरडत गेली. जबाबदार : लोक घाबरतील या सबबीवर हवामानाच्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरण्यास मनाई करणारे खाते.

या शतकाच्या आरंभीच्या एका वर्षातला, एप्रिलमधला एक सोमवार. राई, कुवेत. बांधकामाच्या दैनंदिन नोंदवहीत त्या दिवशीचे हवामान 'स्वच्छ' असे लिहिलेले आहे. जबाबदार : कंपनीचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक; त्याचा दुय्यम; चौकशी समितीचा अध्यक्ष; आणि चौथा एक इसम, ज्याचा उल्लेख यथाक्रम येईल.

पहिल्या तीन नोंदी माझ्या नाहीत. ज्यांच्या वहीतून मी त्या उतरवून घेतल्या, त्या गृहस्थांविषयी आमच्या कंपनीच्या चौकशी अहवालात एक वाक्य आहे : 'भांडारपालास हवामानाची पूर्वकल्पना असूनही त्याने ती कोणासही दिली नाही.' हे वाक्य असत्य आहे. ते अद्याप मागे घेण्यात आलेले नाही. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि त्यांच्या गावातली माणसे आजही त्यांच्या मुलीला विचारतात की, तुझ्या बापाच्या चुकीने तिकडे माणूस मेला म्हणतात, ते खरे काय? हे वाक्य मागे घेतले जावे म्हणून मी आजवर पुष्कळ पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाही पत्राला उत्तर आले नाही. मग हे आता पत्र म्हणून न लिहिता त्या माणसाचे शब्दचित्र म्हणून लिहीत आहे. पत्र फायलीत लावून विसरता येते. छापलेल्या चित्राची तशी सोय लावता येत नाही.

त्यांना सगळे तांडेल म्हणत. ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मुलगा कधी गलबतावर चढला नाही, पण गावाने वडिलांचा हुद्दा त्याच्यावर ठेवला आणि तो हुद्दा त्याच्याबरोबर विमानात बसून कुवेतला आला. राईमधल्या आमच्या आवारात ते भांडार सांभाळीत. नट, बोल्ट, पत्रे, दोर, रंगाचे डबे. अंगाने किरकोळ, दाढी आखूड, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि त्या टोपीला हनुवटीखाली बांधायची नाडी. टोपीला नाडी लावणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही.

नाडीचे कारण वारा. तांडेल प्रत्येक वस्तू वारा येणार आहे असे गृहीत धरून ठेवीत. डब्याच्या झाकणावर वीट. चहाच्या ग्लासावर बशी, बशीवर कुलूप. टेबलावरचा कागद कधी मोकळा नाही. जेवायला बसत ते वायव्येकडे तोंड करून, कारण कुवेतला वारा बहुतेक तिकडून येतो. सकाळी आल्याबरोबर एका काचेवर बोट फिरवून वंगणाचा पातळ थर द्यायचा, ती काच दाराबाहेर खिळ्याला टांगायची आणि दर तासाला जाऊन तिच्यावर किती धूळ बसली ते भिंगातून पाहायचे, हा त्यांचा नेम होता. भिंग मोडक्या दुर्बिणीतले होते.

मी कंपनीत करार आणि पत्रव्यवहार पाहत असे. पुण्यात कायद्याची पदवी घेतली होती, सनद घेतली नव्हती. तरी आवारात मला 'वकीलसाहेब' म्हणत. तांडेल वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण तेही मला वकीलसाहेबच म्हणत, आणि त्यात थट्टा नसे. त्यांची कायद्यावर श्रद्धा होती. ज्या गोष्टीखाली सही आणि शिक्का आहे तिचा त्यांना आदर वाटे. या आदराचे पुढे काय झाले ते सांगायचे आहेच.

अमेरिकेतली वादळे त्यांच्याकडे कशी आली याची हकीकत अशी. एक्क्याण्णव साली, इराकचे आक्रमण उलटल्यावर, ते परत आले तेव्हा तेलविहिरी जळत होत्या. भर दुपारी दिवे लावावे लागत. उभारणीसाठी आलेल्या एका अमेरिकन ठेकेदाराने अर्दियाच्या गुदामात काही खोकी मागे टाकली होती. ती जाळून टाकावीत असा हुकूम तांडेलांना मिळाला. एका खोक्यात त्यांना एक जाड पुस्तक सापडले. मुखपृष्ठ फाटलेले, पहिली पाने गेलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. आत अमेरिकेच्या इतिहासातली मोठमोठी वादळे, पूर, हिमप्रपात, धुळीचे लोंढे. खोकी त्यांनी हुकमाप्रमाणे जाळली. पुस्तक मात्र मुदीराकडे नेऊन, 'हे मी घेऊ का?' असे विचारून, त्याच्या कोपऱ्यावर सही घेऊन मग घरी नेले. कचऱ्यावर सही घेणारा तो मनुष्य होता.

इंग्रजी त्यांचे सातवीपर्यंतचे. शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक त्यांनी दोन वर्षांत वाचले आणि मग पुन्हा वाचायला घेतले. भांडाराची एक कोरी नोंदवही त्यांनी त्यासाठी वेगळी काढली. तिच्यात उभे पाच रकाने आखले होते : तारीख; गाव; वारा कुठून; कोणाला ठाऊक होते; कोणी सांगू दिले नाही.

शेवटच्या दोन रकान्यांसाठीच ती वही होती. मेलेल्यांचा आकडा ते लिहीत नसत. मी एकदा कारण विचारले.

"आकडा वाचला की माणूस चुकचुकतो नि पान उलटतो, वकीलसाहेब. ठाऊक कुणाला होतं, ते विचारायचं राहून जातं."

"अहो, पण निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?"

"निसर्गाचं नाव नका घेऊ. अल्लाची मर्जी असंही म्हणू नका. अल्लानं माणसाला डोळे दिले, तार दिली, टेलिफोन दिला. वारा आपलं काम करतो. माणसानं आपलं केलं का, तेवढंच मी लिहितो."

शुक्रवारी हवल्लीतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांच्या बिऱ्हाडी जेवण असे. हिंदू होते, मुसलमान होते. एकीकडे मासळीचे कालवण, दुसरीकडे भात. माझे कुटुंब कुवेतमध्ये माझ्याबरोबरच होते, तरी मी कधीमधी जाई. जेवण झाले की कोणीतरी काडी टाकी. बहुतेक वेळा तो धाकू असे. धाकू म्हणजे पत्रे बसवणाऱ्या टोळीचा मुकादम. संगमेश्वराकडचा, पंचेचाळिशीतला, आवाजाने मोठा आणि छपराच्या कडेवर चप्पल घालून चालणारा.

"काय हो तांडेल, आज अमेरिकेत कोण गेलं?"

"आज कोणी नाही. बुधवारी विचार."

"बुधवारी काय?"

"अठरा मार्च. टोर्नेडो."

"म्हणजे बुधवारी कामावर सुट्टी!"

"तुला सुट्टी कशी मिळेल धाकू? तुझ्या मुदीरानं तो शब्दच लिहायला बंदी केली तर?"

"शब्दाला बंदी करून वारा थांबतो होय?"

"वारा नाही थांबत. माणसं थांबतात. घरातच बसून राहतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं."

बिऱ्हाडातली माणसे हसत. मीही हसत असे. त्या बंदीतला विनोद आम्हांला कळे. तिच्यातला नमुना कळत नसे.

अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या हिमवादळातून मात्र तांडेलांनी आमच्या आवारात एक प्रत्यक्ष वस्तू आणली. त्या मैदानी मुलखातले शेतकरी हिवाळ्यात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवीत, असे त्यांनी वाचले होते. बर्फ उडू लागले की हातभर अंतरावरचे दिसत नाही. मनुष्य स्वतःच्या अंगणात वाट चुकून मरतो. दोर हाती असला की पोहोचतो. धुळीचेही तसेच, असे तांडेलांचे म्हणणे. कुवेतमध्ये धुळीच्या लोटाला तोज म्हणतात. दाट तोजेत समोरचा ट्रक दिसत नाही, हे आम्ही सर्वांनी अनुभवलेले होते. तेव्हा त्यांनी भांडाराच्या दारापासून आवाराच्या पार टोकापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर, नायलॉनचा निळा दोर बांधला. दर दहा पावलांवर एक गाठ. एखादी गाठ सैल झाली की रविवारी ते स्वतः आवळीत.

धाकूने पहिल्याच आठवड्यात त्या दोरावर आपली लुंगी वाळत घातली.

"तांडेल, तुमची अमेरिका बरी उपयोगाची हो! आता चिमटे तेवढे आणा."

तांडेलांनी लुंगी घडी करून त्याच्या हातात दिली. "दोर ओला ठेवू नको. हात सरकतो."

एवढ्या वर्षांत वडिलांविषयी ते माझ्याशी एकदाच बोलले, आणि तेही मी विचारले म्हणून नव्हे. गलबत बंदराबाहेर पडले तेव्हा आभाळ साफ होते. वादळाची तार बंदरावर आलेली होती. इशाऱ्याचा बावटा चढवायचा तो शिपाई एका लग्नाला गेला होता आणि बावट्याच्या पेटीची किल्ली त्याच्या कमरेला होती. तांडेल तेव्हा नऊ वर्षांचे. "आई कधी समुद्राला बोल लावत नव्हती," ते म्हणाले. "ती त्या किल्लीचं नाव घ्यायची." मग त्यांनी चहाच्या ग्लासावरची बशी उचलली आणि विषय संपला.

आता माझ्या उल्लेखाकडे येतो.

एका मार्चमध्ये तांडेलांना काचेवर काहीतरी दिसले आणि त्यांनी आवाराच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले : 'वादळ. आज छपरावर चढू नका.' खाली तेच इंग्रजीत आणि अरबीत. माणसे खाली उतरली. अर्धा दिवस काम बंद राहिले. वारा आला तो लहान मुलाची टोपीही उडणार नाही असा. मुदीराने मला बोलावून घेतले. तो भला मनुष्य नव्हता, पण मूर्खही नव्हता. त्याला आरडाओरडा नको होता, नियम हवा होता. "असा लिही," तो म्हणाला, "की पुन्हा होणार नाही, आणि कोणी म्हणणार नाही की मी सुरक्षिततेच्या विरुद्ध आहे."

मी लिहिला. लिहिताना मला आनंद झाला, हेही नमूद करतो. 'हवामानाविषयी कोणताही अंदाज वा इशारा, तसेच वादळ अथवा तत्सम भीतिकारक शब्द, मुदीराच्या सहीच्या लेखी आदेशावाचून फलकावर लिहिण्यास अथवा तोंडी प्रसृत करण्यास सक्त मनाई आहे. ज्यास अशी माहिती असेल त्याने ती लेखी अर्जाद्वारे कार्यालयास सादर करावी.' 'तोंडी' हा शब्द माझा. मुदीराला तो सुचला नव्हता. पळवाट राहू नये म्हणून मी घातला.

परिपत्रक तांडेलांच्या हाती मीच दिले. त्यांनी ते उभ्याने वाचले, बसून वाचले, मग खणातून वही काढून अठरा मार्चचे पान माझ्यापुढे धरले.

"वकीलसाहेब, हे सगळं इंग्रजीत होतं म्हणून मला वाटायचं हा कायदा तिकडेच होता."

"तांडेल, गैरसमज नको. यात इशारा द्यायला बंदी नाही. फक्त पद्धत घालून दिली आहे."

"तिकडेही पद्धतच होती," ते म्हणाले. रागाने नव्हे, नवीन माहिती मिळाल्यासारखे. मग त्यांनी परिपत्रकाला दोन भोके पाडली, ते भांडाराच्या फायलीत लावले आणि त्याच्यावर, सवयीने, वीट ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी फळ्यावर एक अक्षर लिहिले नाही. काच मात्र रोज टांगत राहिले.

तो सोमवार. एप्रिलमध्ये तिकडे अवचित उठणारी वादळे येतात, त्यांना सरायत म्हणतात : आधी धूळ, मग गडगडाट, कधी गारा. दुपारचे ऊन लख्ख होते. राईत, आवाराला लागूनच, आम्ही एका शोरूमचे छप्पर घालीत होतो. धाकूची टोळी, धाकू धरून बारा माणसे, वर होती. बांधून न टाकलेल्या पत्र्यांचे गठ्ठे छपरावर पडलेले. तांडेल माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये आले. टोपीची नाडी बांधलेली होती.

"मुदीरसाहेब कुठं आहेत?"

"गिऱ्हाइकाकडे जेवायला. काय झाले?"

"येतंय. वायव्येला तपकिरी रेघ आहे. वारा पडलाय एकदम. काचेवर बघाल तर..." त्यांनी काच बरोबर आणली होती. मला तिच्यावर धुळीखेरीज काही दिसले नाही. "माणसं उतरवायला पाहिजेत. सही द्या."

"सहीचा अधिकार मला नाही."

"मग दुय्यमसाहेबांना विचारा."

मी टेलिफोन लावला. दुय्यम उत्तरेकडचा होता. तो हिंदीत बोलला ते शब्द मला आजही पाठ आहेत. "बाहर धूप दिख रही है ना? फिर काहे का तूफान? मुदीर आ जाए, तब देखेंगे."

तांडेलांनी ते ऐकले. ते दोन पावले दाराकडे गेले आणि थांबले. मला आता वाटते की ते त्या क्षणी माझ्याकडून एका शब्दाची वाट पाहत होते. 'जा, ओरडा, मी बघतो,' इतकेच. मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "तांडेल, नियमाप्रमाणे लेखी अर्ज द्या."

आणि ते बसले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी त्यांच्या त्या गोलसर अक्षरात चार ओळी लिहिल्या. मी त्यांच्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला, वेळ घातली : दोन वाजून दहा मिनिटे. खाली माझी आद्याक्षरे. त्यांनी शिक्का सुकेपर्यंत कागदावर फुंकर घातली, काच उचलली आणि गेले.

वारा दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आला. बारा माणसे शिडीने उतरायला दहा मिनिटे पुरतात.

मधल्या वेळात तांडेलांनी काय केले हे मला नंतर टोळीतल्या माणसांनी सांगितले. फळ्यावर लिहायला बंदी, तोंडी सांगायला बंदी. दोर बांधायला बंदी नव्हती. तेव्हा त्यांनी भांडारातून दोराची नवी गुंडाळी काढली आणि निळ्या दोराचे टोक शोरूमच्या शिडीच्या पायापर्यंत वाढवत नेले. वरून धाकू ओरडला, "तांडेल, आज लय कपडे धुतलेत काय?" तांडेलांनी मान वर करून फक्त हाताने खाली या, खाली या, अशी खूण केली. खूण करायलाही माझ्या परिपत्रकात बंदी नव्हती. ते मला सुचले नव्हते. धाकूने तीच खूण त्यांना उलट करून दाखवली, वर या, वर या, आणि टोळी हसली.

मग रेघेची भिंत झाली आणि दिवस मावळल्यासारखे झाले. मी केबिनच्या टेबलाला धरून बसलो होतो. बाहेर सुटे पत्रे उडत होते. त्यांचा आवाज दूरवर भांडी पडावीत तसा सुरू झाला आणि जवळ आला. टोळीतला एक जण मला म्हणाला, शिडी संपली नि पायाखाली जमीन लागली, पण कुठं जायचं ते दिसेना, आणि पोटाला दोर लागला. एकामागे एक, गाठ मोजत, ते भांडाराच्या पक्क्या भिंतीआड पोहोचले. तांडेल दारात उभे राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होते.

"अकरा. धाकू कुठाय?"

"मुकादम मागून येतो म्हणाला. आधी आमाला उतरवलंन."

तांडेल दोर धरून उलटे गेले. त्यांना धाकू शिडीच्या पायाशी सापडला. दोराचे शेवटचे टोक त्याच्या हाताखाली होते. पत्रा त्याच्या आधी तिथे पोहोचला होता.

चौकशी झाली. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, कारण पत्रव्यवहार माझ्याकडे होता. चौकशी कोणावर आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळले. अध्यक्षांनी वंगणाची काच टेबलावर ठेवून विचारले, वादळ येणार हे तुला ठाऊक होते काय?

"होतं."

"कोणाला कळवले?"

"लेखी दिलं होतं."

"कोणाला?"

तांडेलांनी माझ्याकडे पाहिले. अर्ज तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. मुदीराने मला सकाळीच विचारले होते, असा काही कागद आहे का? आणि मी म्हणालो होतो, पाहावे लागेल. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हाती. माझी मुलगी दहावीला होती, मुलगा आठवीला. ही सबब नव्हे. हे साक्षीतले तपशील आहेत.

तांडेल म्हणाले, "आठवत नाही."

ज्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातल्या वादळाची तारीख, दिशा आणि दोषी पाठ होते, त्याला सात दिवसांपूर्वीचे आठवत नव्हते. मी लिहिले : 'साक्षीदारास आठवत नाही.' अक्षर चांगले आले.

त्या महिन्याच्या शेवटी त्यांना परत पाठवले. हवल्लीच्या बिऱ्हाडाखाली टॅक्सीत सामान चढवताना मी गेलो. अकराही जण आले होते. मला वाटले, मी काही बोलावे; वाक्य जुळवीत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले :

"तुमची मुलं शाळेत आहेत, वकीलसाहेब. माझी झाली मोठी." मग जरा थांबून, "दोर काढू नका म्हणावं."

दोर दुसऱ्या दिवशी काढला. भेट द्यायला पाहुणे येणार होते.

त्यांच्याशी शेवटचे बोलणे दोन हजार पाचच्या ऑगस्टअखेरीस झाले. मी नोकरी संपवून पुण्याला परतलो होतो. टेलिफोन वाजला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "वकीलसाहेब, टीव्ही लावा. न्यू ऑर्लिन्स." मी लावला. पाण्यात छपरे होती आणि छपरांवर माणसे. आम्ही दोघेही कितीतरी वेळ, मध्ये एवढे अंतर असताना, एकच चित्र बघत राहिलो. मग ते म्हणाले, "बंधारा टिकणार नाही हे कुणाला ठाऊक होतं, ते बघा. कुणीतरी लेखी दिलं असणार." त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, हेच मला सोसले नाही. मी अर्जाचा विषय काढणार होतो. मी म्हणालो, "तब्येत सांभाळा." त्या हिवाळ्यात ते गेले.

वही त्यांच्या मुलीने मला पाठवली. त्यांनीच तसे सांगून ठेवले होते. सोबत चिठ्ठी होती : 'बाबा म्हणाले ही वकीलसाहेबांना द्या, त्यांना कायदा कळतो.' मी शेवटची नोंद काढली. तारीख बरोबर होती. गाव : राई. वारा कुठून : वायव्य. कोणाला ठाऊक होते : 'मला', आणि त्यापुढे त्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

कोणी सांगू दिले नाही : काहीच लिहिलेले नव्हते. वहीतल्या इतक्या सगळ्या नोंदींमध्ये तो एकच रकाना रिकामा होता.

मी आजवर लिहिलेल्या सर्व पत्रांत मुदीराला, दुय्यमाला आणि अध्यक्षांना जबाबदार धरले, नियमांचे आधार दिले, मुदती घातल्या. एकाही पत्राला मी तो अर्ज जोडला नाही. त्या अर्जावर शिक्क्याखाली माझी आद्याक्षरे आहेत. ज्या एका कागदाने अहवालातले वाक्य पाच मिनिटांत खोटे ठरले असते, तो माझ्याकडे होता आणि मी इतरांवर संतापत होतो.

हे लिहायला घेण्यापूर्वी अर्जाच्या प्रती मी त्या तिघांना, तांडेलांच्या मुलीला, त्यांच्या गावच्या मशिदीच्या जमातीला आणि संगमेश्वराकडे धाकूच्या बायकोला रजिस्टर पोस्टाने पाठवल्या आहेत. पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. वहीच्या रिकाम्या रकान्यात मी शाईने पहिले नाव लिहिले आहे. ते माझे आहे. त्याखाली तीन ओळींची जागा सोडली आहे.

मुदीर, दुय्यम आणि अध्यक्ष यांनी, ते आज जिथे असतील तिथून, त्या तीन ओळींत काय लिहावे हे आपापल्या सहीनिशी, जाहीरपणे, छापील उत्तराने कळवावे, अशी माझी मागणी आहे. 'आठवत नाही' हे उत्तर स्वीकारले जाणार नाही. ते एका माणसाने आपल्या सर्वांच्या वतीने एकदा देऊन झाले आहे.